भाजी वाळली का, हे वजनकाट्याला विचारा

एक किलो गाजरात साधारण ८८० ग्रॅम पाणी असतं. चव, रंग, साखर, तंतू हे सगळं उरलेल्या १२० ग्रॅममध्ये. भाजी वाळवायची म्हणजे हे पाणी इतकं कमी करायचं की बुरशीला आणि जिवाणूंना वाढायला पुरू नये. भाज्यांच्या बाबतीत ओलावा दहा टक्क्यांच्या खाली गेला की भाजी निर्धास्त ठेवता येते. घोटाळा होतो तो इथेच. फोडी वरून कडक झाल्या, हाताला कोरड्या लागल्या, म्हणून बरणीत भरल्या जातात आणि तीन आठवड्यांनी झाकण उघडलं की कुबट वास येतो. हाताचा अंदाज हवाच, पण साधा वजनकाटा त्याहून भरवशाचा.

हिशोब असा. आठ टक्के ओलावा शिल्लक ठेवायचा असं धरलं, तर भाजीतला पाण्याखेरीजचा भाग ०.९२ने भागायचा. म्हणजे एक किलो चिरलेलं गाजर वाळून साधारण १३० ग्रॅम व्हायला हवं. कांदा (पाणी ८९ टक्के) १२० ग्रॅम, फरसबी (९० टक्के) ११० ग्रॅम, कोबी (९२ टक्के) ८७ ग्रॅम आणि टोमॅटो (९५ टक्के) जेमतेम ५४ ग्रॅम. आता गाजर १३०ऐवजी १४० ग्रॅमवरच थांबवलं तर काय होतं ते पाहा: ओलावा थेट १४ टक्क्यांवर जातो. १५० ग्रॅमवर थांबवलं तर २० टक्के. दहा-वीस ग्रॅमचा फरक नजरेला दिसत नाही, बुरशीला मात्र तो पुरतो.

यासाठी प्रत्येक घाण्यातलं एक ताट किंवा एक जाळी राखून ठेवा. रिकाम्या ताटाचं वजन चिकटपट्टीवर लिहून ताटालाच लावा. सोलून, चिरून झाल्यावर, पण उकळत्या पाण्यात टाकण्याआधी (ते कशासाठी, ते पुढे येतंच) भाजीचं वजन करा, कारण नंतर अंगाला चिकटलेलं पाणीही मोजलं जातं. जात, वय आणि शेवटचं पाणी कधी दिलं यावर पाण्याचं प्रमाण थोडं बदलतं, त्यामुळे काढलेला आकडा हे लक्ष्य समजा, निकाल नव्हे. काटा आणि हात दोघांचं एकमत झालं की भाजी वाळली.

तोडणीपासून सुरुवात

वाळवल्याने भाजी चांगली होत नाही. जी जशी आहे तशी ती टिकते. जून शेंग वाळून अधिकच जून लागते. फरसबी आत दाणे फुगायच्या आधी तोडा. पालेभाजी फुलोऱ्यावर येण्याआधी, आणि पुदिना, तुळस यांसारखी सुवासिक पानं कळ्या दिसू लागल्या की फुलं उमलण्याआधी. तेव्हा त्यांच्यात तेलाचा अंश भरपूर असतो. सकाळी दव वाळल्यावर तोडा. दवासकट आत आणलेलं पान वाळायला वेळ लावतं आणि तेवढ्यात काळं पडतं.

फक्त वाळवण्यासाठी टोमॅटो लावायचे असतील तर लांबट, गराचे, कमी बियांचे वाण निवडा. रसाळ गोल टोमॅटोही वाळतात, पण निम्मा वेळ बियांभोवतीचं पाणी उडवण्यात जातो. बिया चमच्याने काढून टाकल्या तर काही तास वाचतात.

किती लावायचं हे ताटावरून ठरवा. चार माणसांच्या एका भाजीला किंवा सूपला साधारण ६० ग्रॅम वाळलेली भाजी लागते. आठवड्यातून दोनदा, तीन महिने वापरायची तर दीड किलोच्या आसपास वाळलेली, म्हणजे बारा-तेरा किलो ताजी भाजी हवी. पहिल्याच हंगामात एवढ्याच्या मागे लागू नका. घरात जी भाजी एरवी खाल्ली जात नाही, ती वाळवल्यावरही कुणी खात नाही.

चिरणं आणि उकळतं पाणी

जाडी तीन ते सहा मिलिमीटर. त्यापेक्षा महत्त्वाचं म्हणजे ती सगळीकडे सारखी हवी. एकाच ताटात दोन मिलिमीटरच्या आणि आठ मिलिमीटरच्या चकत्या असतील तर पातळ करपतात, जाड कच्च्या राहतात, आणि बरणीत जाड चकत्या पातळ चकत्यांना पुन्हा ओलं करतात.

बऱ्याच भाज्या आधी उकळत्या पाण्यातून काढाव्या लागतात. तोडल्यावरही भाजीतली विकरं (एन्झाइम) काम करतच राहतात. ती वाळवण्याने थांबत नाहीत, फक्त मंदावतात. मग दोन महिन्यांत गाजर फिकं पडतं, फरसबीला वाळक्या गवताचा वास येतो. अर्धा किलो भाजीला चार लिटर पाणी खळखळून उकळवा. पाणी कमी घेतलं तर भाजी टाकताच उकळी बसते आणि भाजी नुसती मऊ होत राहते. गाजराच्या चकत्या आणि फरसबीचे तुकडे तीन मिनिटं, वाटाणा दोन मिनिटं, चिरलेला कोबी दोन मिनिटं, पालेभाजी दीड मिनिट. वेळ उकळी पुन्हा फुटल्यापासून मोजा. लगेच बर्फाच्या पाण्यात टाका, निथळून स्वच्छ फडक्यावर टिपून घ्या. ओली भाजी ताटात पसरली की पहिला तास तिच्या वरचं पाणी उडण्यातच जातो.

कांदा, लसूण, टोमॅटो, मिरची आणि मश्रूम यांना हे लागत नाही. कांद्याला तर मुळीच नाही, सगळी चव पाण्यात जाते.

आच किती, वारा किती

वाळवण्याच्या यंत्रात भाज्यांसाठी ५२ ते ५७ अंश सेल्सिअस आणि सुवासिक पानांसाठी ३५ ते ४० अंश ठेवा. घाई करून ७५-८० अंशांवर नेलं की बाहेरच्या थरातलं पाणी झपाट्याने उडतं, पण आतलं तितक्या वेगाने बाहेर येऊ शकत नाही. बाहेरचा थर कडक होतो आणि आतलं पाणी अडकतं. असा तुकडा वरून खडखडीत वाटतो. मधोमध मोडून पाहिलात तर गाभा गडद आणि चिवट दिसतो. वजनकाट्याचा खरा उपयोग इथे होतो. वजन दोन तास हललेलं नाही आणि तरी लक्ष्यापेक्षा बरंच जास्त आहे, तर आत पाणी अडकलं आहे. आच कमी करून तुकडे लहान करा आणि पुन्हा ठेवा. पूर्ण सुधारत नाही, पण वाया जाणं टळतं.

साधा ओव्हन वापरायचा असेल तर आधी थर्मामीटरने तपासा. कित्येक ओव्हनची सगळ्यात कमी आचही या कामाला जास्त असते. दार चार बोटं उघडं ठेवा म्हणजे वाफ बाहेर जाईल. आत पंखा नसेल तर यंत्रापेक्षा जवळपास दुप्पट वेळ धरून चाला.

उन्हाची गोष्ट वेगळी. किमान ३० अंश तापमान, हवेतली आर्द्रता ६० टक्क्यांच्या खाली आणि वाहता वारा, या तिन्ही गोष्टी सलग काही दिवस मिळणार असतील तरच भाजी उन्हात घाला. फळांमध्ये आम्ल आणि साखर असते म्हणून ती थोडी सांभाळून घेतात. भाज्या तसं करत नाहीत, दमट हवेत दुसऱ्याच दिवशी आंबायला लागतात. ताट जमिनीपासून उंच ठेवा म्हणजे खालूनही हवा लागेल. वर पातळ जाळीदार कापड. जस्ताचा मुलामा दिलेली जाळी नको, टोमॅटोच्या आम्लाने जस्त सुटून अन्नात उतरतं. स्टीलची जाळी किंवा ताणून बांधलेलं सुती कापड उत्तम. संध्याकाळी सगळं घरात आणा. रात्रीची दमट हवा दिवसभर गेलेला ओलावा पुन्हा भरून देते.

यंत्रात फरसबी आणि गाजराला आठ ते चौदा तास, टोमॅटोला दहा ते अठरा तास, पालेभाजीला आठ-दहा तास धरा. जाळ्या मधूनमधून वरखाली करा. अर्ध्या वाळलेल्या घाण्यात ताज्या भाजीची जाळी सरकवू नका, तिची वाफ आधीच्या भाजीत शिरते. शेवटच्या तासा-दोन तासांत लक्ष ठेवा. पाणी संपत आलं की भाजी भराभर तापते आणि करपते. कांदा-लसणाचा घाणा वेगळा लावा, नाहीतर गाजरालाही कांद्याचा वास लागतो. मिरची वाळवताना खिडक्या सताड उघड्या हव्यात.

तपासताना आधी दहा मिनिटं थंड होऊ द्या. गरम तुकडा नेहमीच मऊ लागतो आणि माणूस फसतो. गाजर, फरसबी कट्‌कन मोडली पाहिजे. वाटाणा हातोडीने फुटला पाहिजे, चपटा होता कामा नये. पान चुरगळलं की भुगा व्हावा. टोमॅटो चामड्यासारखा वाकत असेल तर तो लवकर संपवायचा किंवा फ्रीझरमध्ये ठेवायचा. बाहेर महिनोन्‌महिने ठेवायचा टोमॅटो मोडलाच पाहिजे.

पहिला आठवडा बरणीतला

थंड झालेली भाजी काचेच्या बरणीत दोन तृतीयांश भरा, झाकण घट्ट लावा आणि आठवडाभर रोज एकदा हलवा. काही तुकडे जास्त वाळलेले, काही कमी, असं असतंच. या दिवसांत ओलावा सगळीकडे सारखा पसरतो. काचेवर आतून धुकं दिसलं किंवा तुकडे एकमेकांना चिकटले तर सगळी बरणी परत यंत्रात. बुरशी दिसली तर मात्र वरचं काढून बाकीचं वाचवायचं नाही, सगळं टाकून द्यायचं.

उन्हात वाळवलेल्या भाजीवर किड्यांची अंडी असू शकतात. ती बंद पिशवीत उणे १८ अंशांच्या फ्रीझरमध्ये किमान ४८ तास ठेवा. बाहेर काढल्यावर पिशवी खोलीच्या तापमानाला येईपर्यंत उघडू नका. थंड भाजीवर लगेच दव धरतं आणि सगळी मेहनत पाण्यात जाते.

साठवण अंधारात आणि थंड जागी. १५ अंशांच्या आसपास भाजी सहा महिने चांगली राहते, २७ अंशांवर साधारण तीन महिने. चुलीच्या वरचं कपाट सोयीचं असतं आणि साठवणीला सगळ्यात वाईट. मोठ्या बरणीपेक्षा एकावेळी संपणाऱ्या लहान बरण्या बऱ्या, कारण दर उघडझापीला दमट हवा आत जाते. प्रत्येक बरणीवर भाजीचं नाव, तारीख आणि किती ताज्या भाजीची ती आहे, हे लिहा. हा तिसरा तपशील स्वयंपाकाच्या वेळी फार उपयोगी पडतो.

ऑक्सिजन शोषून घेणाऱ्या पुड्या फक्त खडखडीत वाळलेल्या मालात घाला. ओलसर भाजी आणि ऑक्सिजन नसलेली बरणी ही बोटुलिझम या जीवघेण्या अन्नविषबाधेच्या जिवाणूला हवी तशीच जागा. त्याच कारणाने लसूण किंवा वाळवलेला टोमॅटो तेलात बुडवून बाहेर ठेवू नका. करायचाच तर थोडा करा, फ्रिजमध्ये ठेवा आणि चार दिवसांत संपवा. या जिवाणूच्या विषाला वास किंवा चव असेलच असं नाही.

भांड्यात उतरवताना

एक वाटी वाळलेल्या भाजीला दीड ते दोन वाट्या उकळतं पाणी घाला. गाजर, फरसबी अर्ध्या ते एका तासात फुगते. पालेभाजी भिजवायची गरज नाही, थेट रश्श्यात किंवा सूपमध्ये टाका. दोन तासांहून अधिक भिजवायचं असेल तर फ्रिजमध्ये. भिजवलेलं पाणी फेकू नका, चवीचा आणि क्षारांचा बराच भाग त्यात असतो. मीठ, टोमॅटो, लिंबू हे सगळं भाजी मऊ झाल्यावर. आधी घातलं तर ती तासभर शिजवूनही चिवट राहते, आणि दोष वाळवण्याला दिला जातो.

टोमॅटोची पूड करायची तर लागेल तेवढीच करा, ती हवेतला ओलावा ओढून दगड बनते. एक चमचा पुडीला एक चमचा पाणी घातलं की दाट लगदा मिळतो.

राजमा आणि घेवड्याचे दाणे वाळवायला यंत्र लागत नाही. शेंगा वेलावरच वाळून आत दाणे खुळखुळू लागेपर्यंत थांबा. पाऊस येणार असेल तर अख्खी झाडं उपटून छपराखाली उलटी टांगा. दाण्यावर नखाची खूण उठत नसेल तर तो साठवायला तयार. भुंगे मारायला वर सांगितलेली फ्रीझरची युक्ती इथेही चालते, फक्त दाणे पूर्ण वाळलेले हवेत. ओलसर बियाणं गोठलं तर पुढच्या वर्षी उगवणार नाही. शिजवताना लाल राजमा आठ-दहा तास भिजवा, ते पाणी फेका, नव्या पाण्यात किमान अर्धा तास खळखळून उकळा आणि मगच आच कमी करा. कच्च्या राजम्यातला लेक्टिन नावाचा घटक पोट बिघडवतो, आणि मंद आचेवर ८० अंशांच्या आसपास शिजवत ठेवलं तर त्याचा त्रास कच्च्या दाण्यापेक्षाही वाढू शकतो. म्हणून हळूहळू शिजवणाऱ्या विजेच्या भांड्यात राजमा थेट टाकू नका, आधी उकळून मगच टाका.