टोमॅटोच्या बुडाला काळा डाग पडतोय? कॅल्शियम रानात आहे, फळापर्यंत पोचत नाहीये

शेतकरी मित्रांनो, मार्च संपत आला, ऊन तापायला लागलंय, आणि पुणे जिल्ह्यातल्या नारायणगाव-जुन्नर पट्ट्यात जानेवारी-फेब्रुवारीत लावलेल्या उन्हाळी टोमॅटोची पहिली फळं आता फुगायला लागलीत. दरवर्षी याच दिवसांत फोनवर तोच फोटो येतो. फळ वरून बघितलं तर एकदम चकाचक, उलटं केलं की बुडाला चामड्यासारखा चपटा काळा डाग. आणि खाली प्रश्न, कोणतं औषध मारू?

तर आधी हे सांगतो की हा रोग नाही. बुरशी नाही, व्हायरस नाही, त्यामुळं बुरशीनाशकाचे कितीही पंप मारले तरी डाग थांबत नाही, डागावर नंतर जी काळी बुरशी दिसते ती मेलेल्या भागावर मागाहून आलेली असते. फळाच्या त्या टोकाला कॅल्शियम कमी पडलं म्हणून तिथल्या पेशी फुटून मेल्या, एवढंच झालेलं असतं. हे आता बऱ्याच जणांना माहीत झालंय, म्हणून पुढचा प्रश्न येतो की मग कॅल्शियम किती सोडू. इथं जरा थांबा, कारण पैसा इथंच वाया जातो.

झाडाच्या आत दोन वेगवेगळ्या लाईनी असतात. एक जलवाहिन्यांची, ती मुळापासून पानापर्यंत पाणी आणि त्यात विरघळलेली खतं वर नेते. दुसरी रसवाहिन्यांची, ती पानात तयार झालेली साखर फळाला, शेंड्याला, मुळाला, जिथं लागेल तिथं पोचवते, वर पण आणि खाली पण. द्राक्षवाल्यांना हे वेगळं सांगायला नको, ते खोडाला गर्डलिंग करतात म्हणजे सालीची बारीक चकती काढतात, त्यानं रसवाहिनी तुटते आणि पानातली साखर खाली मुळाकडं न जाता घडात थांबते, पण वेल सुकत नाही कारण पाण्याची लाईन आतल्या लाकडातून चालूच असते.

पाण्याच्या लाईनीला दिवसा खालून ढकलणारी मोटर नाही हे लक्षात घ्या. ओढ वरून असते. पानाच्या बारीक छिद्रांमधून वाफ बाहेर पडते आणि तेवढं पाणी खालून ओढलं जातं, मुळांनी घेतलेल्या पाण्यातलं ९५ टक्क्यांच्या वर पाणी असंच वाफ होऊन उडून जातं. म्हणजे ज्या भागातून वाफ जास्त, तिकडं पाणी जास्त, आणि पाण्याबरोबर कॅल्शियम पण तिकडंच.

आता टोमॅटोचं फळ हातात घेऊन बघा. साल गुळगुळीत, मेणचट, छिद्रं जवळजवळ नाहीतच, त्यामुळं फळातून वाफ फार थोडी जाते आणि ओढही थोडी. फळ फुगतं ते मुख्यतः रसवाहिनीच्या पाण्यावर. त्या लाईनीनं साखर येते, पोटॅश येतं, कॅल्शियम मात्र नावापुरतं. नत्र, स्फुरद, पालाश, मॅग्नेशियम हे जुन्या पानातून काढून नव्या भागाला देता येतात, म्हणून नत्र कमी पडलं की आधी खालची पानं पिवळी होतात. कॅल्शियमचं तसं नाही, एकदा पानात जाऊन बसलं की बसलं, ते परत निघून फळात येत नाही. आणि फळात जे थोडंफार येतं ते देठाकडं आधी वापरलं जातं, बूड सगळ्यात लांब, म्हणून डाग बुडालाच. लांबट फळाच्या जातीत हा त्रास जास्त दिसतो. फळ धरल्यापासून पहिले दोन आठवडे सगळ्यात नाजूक, तेव्हा फळ भराभर वाढतं आणि कॅल्शियमची गरज तेव्हाच असते. डाग दिसतो नंतर, चूक झालेली असते आधी.

मागच्या उन्हाळ्यात माझ्या मेव्हण्याचा असाच फोन आला, "दाजी, दर आठवड्याला कॅल्शियम नायट्रेट सोडतोय तरी निम्मा माल बाजूला काढावा लागतोय". जाऊन बघितलं तर शेतीपंपाची लाईट रात्रपाळीची, म्हणून तो तीन दिवसांनी एकदा चार-पाच तास ठिबक चालू ठेवायचा. मल्चिंगचा प्लास्टिक कागद बाजूला करून खुरप्यानं उकरलं तर वरची चार बोटं माती कोरडी भुगा, खाली चिखल, आणि मुळी सगळी तपकिरी, पांढरी मुळी शोधून सापडेना. कॅल्शियम मुख्यतः त्या नव्या पांढऱ्या मुळीच्या टोकातूनच आत जातं, जुन्या तपकिरी मुळीतून जवळपास नाही. त्याच्या रानातली पांढरी मुळी आधी कोरडी पडून मेली, मग चिखलात हवा न मिळून गुदमरली. रान काळं, माती परीक्षणात चुनखडी भरपूर, म्हणजे कॅल्शियमची कमी नव्हतीच. पाण्याचं वेळापत्रक बदललं आणि पुढच्या घोसातली फळं स्वच्छ निघाली, लागलेली फळं मात्र गेली ती गेलीच.

म्हणून या हंगामात सगळ्यात आधी पाणी नीट करा. वाफसा म्हणजे मातीत ओलही आणि हवाही, तो कायम ठेवायचा, एकदा उपाशी आणि एकदा तुडुंब असं नको. ड्रिपरच्या बाजूला वीतभर खालची माती मुठीत दाबा, लाडू झाला पाहिजे आणि अंगठ्यानं टोचला की फुटला पाहिजे. लाडूच होत नसेल तर पाणी कमी, बोटं चिकट होऊन माती पसरत असेल तर जास्त. लाईट आठच तास असेल तर एका व्हॉल्व्हला सलग पाणी देऊन मोकळं होण्यापेक्षा सगळ्या व्हॉल्व्हच्या छोट्या छोट्या दोन फेऱ्या करा आणि रोज करा, रानाच्या मगदुराप्रमाणे वेळ कमीजास्त होईल. रात्री ओल असणं तर फारच महत्त्वाचं, कारण रात्री पानांची ओढ बंद असते, मुळांचा स्वतःचा थोडा दाब तयार होतो आणि तेव्हा फळाच्या वाट्याला पाणी बरं येतं. सकाळी लवकर प्लॉटवर गेलात आणि पानांच्या कडेला मण्यांसारखे थेंब ओळीनं लागलेले दिसले तर बरेचदा ते दव नसतं, हाच मुळांचा दाब असतो, ती चांगली खूण समजा.

खतांचं सांगायचं तर युरिया आणि अमोनियमवाली खतं आता आवरा. अमोनियम मुळीपाशी कॅल्शियमला अडवतं, आणि नत्र जास्त झालं की पाला माजतो, मग पानं अजून जास्त पाणी ओढणार. पोटॅशचा मारा पण फळ लहान असताना नको, फुगवणीच्या नादात बरेच जण लवकर सुरू करतात. विहिरीचं पाणी उन्हाळ्यात खारं होत जातं, त्यात खतांचा डोस वाढवला की मातीतला क्षार वाढतो आणि ओल असूनही मुळीला पाणी ओढता येत नाही.

कॅल्शियम नायट्रेट द्यायचंच असेल तर थोडं थोडं, वाफशावर आणि फळ धरायच्या वेळेपासून द्या. त्याच टाकीत मॅग्नेशियम सल्फेट, किंवा १२:६१:००, ००:५२:३४ ही स्फुरदवाली विद्राव्य खतं अजिबात मिसळू नका, पाणी दुधासारखं होतं आणि ते पांढरं ड्रिपरमध्ये जाऊन बसतं. फवारणी करणार असाल तर कॅल्शियम क्लोराईड लिटरला ५ ग्रॅम, उन्हं उतरल्यावर, आणि फवारा लहान फळांवर बसला पाहिजे, नुसती पानं भिजवून काही होत नाही, वर सांगितलं तसं पानातून ते फळात जात नाही. फवारणीचा फायदा होतो पण थोडा, पाण्याची चूक ती भरून काढत नाही.

बगलफुटी म्हणजे पानाच्या बेचक्यातून येणारे फुटवे काढा, खालची म्हातारी पानं काढा, पण फळावरची सावली काढू नका, एप्रिलच्या उन्हात फळं भाजतील. मल्चिंगची चंदेरी बाजू वर ठेवा. फुलोऱ्यात आलेल्या प्लॉटमध्ये खोल खुरपणी करून मुळ्या तोडू नका. डाग पडलेली फळं तोडून टाका, ती सुधारणार नाहीत आणि उगाच साखर खात बसतील.

एक वेगळी गोष्ट यात गल्लत करू नका. ओल असून एखादं झाड दुपारी हिरवंच्या हिरवं मान टाकत असेल आणि संध्याकाळी परत उभं राहत नसेल तर तिथं पाण्याची लाईनच चोक झालेली असू शकते. बुडाजवळचं खोड विळ्यानं कापा, एक तुकडा काचेच्या ग्लासात स्वच्छ पाण्यात उभा अडकवा आणि न हलवता चार-पाच मिनिटं बघत राहा. कापाच्या तोंडातून दुधाळ पांढरी तार खाली उतरताना दिसली तर ती जिवाणूजन्य मर आहे. तार नाही पण खोड उभं चिरल्यावर आत तपकिरी रेघा दिसल्या तर बुरशीजन्य मर असण्याची शक्यता जास्त. अशा झाडाला पाणी किंवा कॅल्शियम वाढवून उपयोग नाही, मुळासकट उपटा, बांधावर न टाकता रानाबाहेर नेऊन जाळा, आणि तोच विळा न धुता पुढच्या ओळीत नेऊ नका.