सगळ्यांचे पाचपैकी पाच? निव्वळ स्तनपानाचा आत्मविश्वास मोजताना या चुका टाळा

पहिले सहा महिने बाळाला फक्त आईचंच दूध देणं म्हणजे निव्वळ स्तनपान. ते आपल्याला जमेल असा भरवसा आईला किती आहे, हे मोजणारे फॉर्म कर्नाटकातल्या खानापूर, निपाणी, चिकोडीकडच्या खेड्यांतून भरून आले आणि चाळले की एक गोष्ट लगेच नजरेत भरते. ओळीनं पाच, पाच, पाच. चौदा प्रश्न, सत्तरपैकी सत्तर गुण. आणि त्याच घरात पाळण्याशेजारी गुटी उगाळायची सहाण ओली असते. यात बाईची लबाडी नसते. बहुतेक वेळा आपण चुकीचं विचारलेलं असतं, नाहीतर चुकीच्या माणसांसमोर विचारलेलं असतं.

यासाठी सर्वांत जास्त वापरली जाणारी प्रश्नावली कॅनडातल्या संशोधक सिंडी-ली डेनिस यांची. १९९९ साली ती ३३ प्रश्नांची होती, २००३ मध्ये १४ प्रश्नांची छोटी आवृत्ती आली. प्रत्येक प्रश्नाला १ ते ५ गुण, म्हणजे बेरीज १४ ते ७० च्या दरम्यान. कागदावर काम सोपं दिसतं.

माहिती तपासता, की भरवसा?

‘सहा महिने फक्त आईचंच दूध द्यायचं ना?’ असं विचारलं की ‘व्हय की’ हेच उत्तर येणार. तायी कार्डावर (गरोदर बाईला मिळणाऱ्या सरकारी माता-कार्डावर) ते आहे, आशाताईनं सांगितलंय, अंगणवाडीच्या भिंतीवर चित्र आहे. तिला ठाऊक आहे याबद्दल शंका नाही. तिला जमेल असं वाटतं का, हे विचारायचं आहे. म्हणून प्रसंग घालून विचारा: ‘रात्रभर बाळ किरकिरतंय, घरातलं कुणी म्हणालं दूध पुरत नाही, जरा वरचं द्या. तरी अंगावरच पाजत राहणं तुम्हाला कितपत जमेल?’ इथे ती थांबते, विचार करते. त्या थांबण्यातच खरं उत्तर असतं.

सासूबाई सोप्यात बसलेल्या असताना

ही चूक सगळ्यांत महागात पडते. आपण जातो, सासूबाई चहा ठेवायला सांगतात आणि तिथेच बसतात. प्रश्न सुनेला, उत्तर सासूचं: ‘आमच्या घरात वरचं काय देत न्हाईत बाई.’ सून मान डोलावते, आपण पाच लिहितो.

त्यांना हाकलणं हा उपाय नव्हे, ते शोभतही नाही. दोघींनी जा. एकीनं सोप्यात सासूबाईंशी त्यांच्या काळच्या बाळंतपणाच्या गप्पा माराव्यात, दुसरीनं आत बाळंतिणीजवळ बसावं. सासूबाईंचं म्हणणंही लिहून घ्या, पण वेगळ्या कागदावर. या प्रश्नावलीमागचा विचार मानसशास्त्रज्ञ आल्बर्ट बांडुरा यांचा. त्यांच्या मते असा भरवसा चार गोष्टींतून येतो: स्वतःचा अनुभव, इतरांचं पाहिलेलं, इतरांनी दिलेला धीर, आणि शरीर-मनाची अवस्था. तेव्हा सासूचं बोलणं हा अडथळा समजू नका. सुनेचा आकडा कुठून आला ते त्यातूनच कळतं.

आणि ज्या आशाताईनं सल्ला दिला, तिलाच परीक्षा घ्यायला लावू नका. तिच्या तोंडावर ‘न्हाई जमत’ कोण म्हणेल?

पाच पायऱ्या एकदम नकोत

‘अजिबात खात्री नाही’पासून ‘पूर्ण खात्री’पर्यंतची यादी वाचून दाखवली की बाई शेवटचा शब्द उचलते. दोन टप्प्यांत विचारा. आधी ‘जमेल की अवघड आहे?’ जमेल म्हणाली तर ‘नक्की, की बहुतेक?’ अवघड म्हणाली तर ‘थोडं, की फारच?’ ठरवताच आलं नाही तर मधला आकडा. सुरुवातीला सरावाचा प्रश्न टाका: बाळाला घेऊन एकटीनं एसटीनं बेळगावला जाऊन यायला जमेल का? त्यावर ती मोकळेपणानं ‘छे, अवघड आहे’ म्हणाली, म्हणजे पट्टी तिला कळली.

फॉर्म कानडीत आणि आई मराठी असेल तर वाचता वाचता मराठी करू नका. प्रत्येकीची मराठी वेगळी निघते आणि तुलना तिथेच संपते. मराठी मजकूर आधी लिहून, चार-पाच आयांना वाचून दाखवून पक्का करा.

माहेरी गेलेली आई यादीतून गळते

पहिलं बाळंतपण माहेरी. सीमेलगतच्या कितीतरी सुनांचं माहेर चंदगड, गडहिंग्लज, म्हणजे महाराष्ट्रात. आपण गावात जातो, घराला विचारतो, ‘ती माहेरी हाय’ ऐकतो आणि पुढे जातो. मग यादीत उरतात कोण? दुसऱ्या-तिसऱ्या खेपेच्या आया, ज्यांना आधी पाजल्याचा अनुभव आहे. गावाची सरासरी फुगते आणि कार्यक्रम यशस्वी झाल्यासारखा वाटतो. फोन नंबर घ्या, माहेरच्या गावाचं नाव लिहा, पहिलटकरणींची बेरीज वेगळी काढा. ती सासरी परत आली की पुन्हा विचारा. घर बदललं, रात्री उठून बाळ घेणारी आई जवळ नाही, भांगलणीला जायची वेळ आली. तिथे आकडा हलतो.

‘काही देत नाही’ म्हणजे काय?

पाणी, मध, गुटी, साखरपाणी हे पुष्कळ घरांत ‘देणं’ धरतच नाहीत. कालच्या दिवसात आणि रात्रीत काय काय तोंडात गेलं ते एकेक नाव घेऊन विचारा. औषध, जीवनसत्त्वाचे थेंब आणि ओआरएस चालतात. पाणी चालत नाही. मात्र एका दिवसाच्या आठवणीवरून फक्त आईच्या दुधावरच्या बाळांचा आकडा जरा चांगलाच दिसतो, कारण परवाची गुटी त्यात येत नाही. जन्मापासून काय दिलं तेही विचारा आणि वेगळ्या रकान्यात लिहा.

बेरीज करताना सुटलेल्या प्रश्नाला शून्य धरू नका, सगळ्यांत खालचा गुण एक आहे. ‘अमुक गुणांखाली आत्मविश्वास कमी’ अशी दुसऱ्या देशातली रेघही उचलून आणू नका. बेरजेआधी कोणत्या प्रश्नाला गुण कमी पडलेत ते पाहा.

आणि एखादी खरंच ‘दूध पुरत नाही’ म्हणाली तर एकवर गोल करून उठू नका. पहिला आठवडा उलटल्यावर बाळ दिवसभरात सहा किंवा जास्त वेळा लघवी करतं का, वजन वाढतंय का, पाजताना स्तनाग्र दुखतं का, ते विचारा. सगळं ठीक असेल तर तिला धीर हवा आहे. नसेल तर मुलाखत बाजूला ठेवा, बाळ अंगाला कसं धरतं ते जाणत्या नर्सला त्याच दिवशी दाखवा, आणि फॉर्मवर तशी नोंद करा.