घरगुती कॉइलओव्हर: पुढचे स्ट्रट बांधताना

कॉइलओव्हर म्हणजे डॅम्परवर (शॉक ॲब्सॉर्बरवर) चढवलेली स्प्रिंग, जिची बैठक आट्यांवरची रिंग फिरवून वर-खाली करता येते. गाडी डाउन करणं, म्हणजे खाली बसवणं, हे त्यातलं सगळ्यात सोपं काम. आट्यांची पिच २ मिमी असेल तर रिंगचे चार फेरे दिले की स्प्रिंगची बैठक ८ मिमी खाली. गाडी खाली बसल्यावरही चाकाला वर-खाली जायला पुरेसा ट्रॅव्हल उरला पाहिजे, आणि बहुतेक घरगुती सेट तिथेच फसतात. म्हणून पुढची सगळी मापं ट्रॅव्हलपासून सुरू होतात.

इथे धरलेली गाडी स्विफ्ट किंवा पोलोसारखी हॅचबॅक आहे: पुढे मॅकफर्सन स्ट्रट (डॅम्पर आणि स्प्रिंग एकत्र असलेला, चाकाला धरणारा खांब), मागे टॉर्शन बीम (दोन्ही मागची चाकं जोडणारी तुळई). वापर ट्रॅक किंवा ऑटोक्रॉसचा. रोजच्या गाडीवर हे करण्याआधी मोटार वाहन कायद्याचं कलम ५२ वाचा. उत्पादकाच्या मूळ तपशिलात परस्पर बदल चालत नाही, आणि अपघात झाला तर विम्याचा दावाही अडकू शकतो.

स्प्रिंगचा हिशेब

चालकाला बसवून फक्त पुढची चाकं वजनकाट्यावर चढवा. समजा ५८० किलो भरलं. एका बाजूला २९०. त्यातून चाक, ब्रेक, नकल (चाक ज्यावर बसतं तो भाग) वगैरेचे साधारण ४० वजा केले की स्प्रिंगवर २५० किलो येतात. रस्त्यावरची गाडी साधारण १.२ ते १.५ हर्ट्झने हेलकावते. साध्या टायरवर ट्रॅकला जाणाऱ्या गाडीला २ हर्ट्झ पुरे. त्यापुढे आपल्याकडच्या डांबरावर टायर जमिनीला कमी आणि हवेत जास्त राहतो. ६.२८ ला हर्ट्झने गुणा, त्याचा वर्ग करा, त्याला वजनाने गुणा, हजाराने भागा: २५० किलोसाठी ३९.५ न्यूटन प्रति मिमी, म्हणजे ४ किलो प्रति मिमी. स्प्रिंगवर पौंड (प्रति इंच) छापलेले असतील तर ५६ ने गुणा. इथे २२५ पौंडांची स्प्रिंग लागेल. स्ट्रट तिरपा असल्यामुळे चाकाला प्रत्यक्षात थोडं मऊच जाणवतं.

आता लांबी. २५० किलोंखाली ही स्प्रिंग सुमारे ६२ मिमी दबते. ८ इंची, म्हणजे २०३ मिमीची घेतली तर गाडी उभी असताना १४१ उरते. चाक ७० मिमी वर गेलं की ७१. स्प्रिंगचे वेटोळे ७५ मिमीवर एकमेकांना टेकत असतील, तर बम्प स्टॉपला (ट्रॅव्हलच्या शेवटी धक्का झेलणाऱ्या रबराला) भिडण्याआधीच स्प्रिंग सळईसारखी घट्ट होईल आणि सगळा धक्का थेट बॉडीत जाईल. ९ इंची घेतली तर पूर्ण दबल्यावरही ९७ मिमी शिल्लक. पूर्ण दबलेली उंची विक्रेत्याकडून मागून घ्या आणि तिच्यावर किमान १० मिमी राखा.

उलट दिशेलाही बघा. चाक लटकल्यावर स्ट्रट ८० मिमी उघडत असेल आणि स्प्रिंग ६२ मिमीच पसरत असेल, तर १८ मिमी मोकळे राहतात. स्प्रिंग बैठकीतून सरकते आणि गाडी खाली येताना वाकडी बसते. त्यासाठी खाली हेल्पर स्प्रिंग (फट भरून काढणारी छोटी मऊ स्प्रिंग) घाला. तिची दबलेली जाडी लांबीत धरायला विसरू नका.

सामान

दोन्ही बाजूंसाठी मिळून: आट्यांच्या ॲल्युमिनियम बाह्या २, बैठक-रिंगा २, लॉक रिंगा २, अडीच इंच आतल्या व्यासाच्या स्प्रिंगा २, हेल्पर व मधल्या चकत्या प्रत्येकी २, वरच्या टोप्या २, थ्रस्ट बेअरिंग (स्टिअरिंग वळवताना स्प्रिंगला फिरू देणारं) २, आखूड डॅम्पर इन्सर्ट (स्ट्रटच्या नळीत बसणारा नवा डॅम्पर) २, बम्प स्टॉप २, नकलचे नवे बोल्ट ४, टॉप माउंटचे (स्ट्रट बॉडीला जिथे बसतो त्या भागाचे) नवे नट २. जुना डॅम्पर ठेवून नुसती बाही चढवणं स्वस्त पडतं, पण मूळ स्प्रिंगच्या दीडपटीपलीकडे त्याच्याकडून अपेक्षा ठेवू नका. गाडी खड्ड्यानंतर दोन-तीन वेळा डोलत राहते.

स्ट्रटचा रंग खरवडून व्हर्नियरने तीन ठिकाणी व्यास घ्या. नळी ५० ची आणि बाही ५१ ची असेल तर ती खडखडणारच. लेथवाल्याकडून ०.२ मिमी सैल अशी करून घ्या, किंवा आत दोन ओ-रिंगांची खाच काढून घ्या.

स्ट्रट कापणं

बंद स्ट्रटला वेल्डिंग कधीही लावू नका. आतलं तेल आणि गॅस तापून नळी फुटते. मोनोट्यूबला (एकाच नळीच्या डॅम्परला) घरी हातच लावू नका, तिच्यातला दाब फार असतो. ट्विन-ट्यूब (नळीत नळी) असेल तर स्ट्रट उभा ठेवा, गॉगल घाला, भोकाभोवती कापड धरा आणि जो वरचा भाग पुढे कापून टाकायचा आहे तिथे ३ मिमीचं भोक हळू पाडा. फुस्स आवाज थांबला की तेल भांड्यात काढा. मग नळी इन्सर्टच्या मापाला कापा, आतलं सगळं काढा, डिग्रीझरने धुऊन पूर्ण वाळवा. तळात इन्सर्टच्या बोल्टसाठी मधोमध भोक पाडा. नळीच्या तोंडाशी इन्सर्ट हलू नये म्हणून घट्ट कॉलर लागते.

मूळ बैठकीचा वेल्ड १ मिमी डिस्कने कापताना नळीपासून २ मिमी लांब राहा. उरलेलं फ्लॅप डिस्कने घासा. ग्राइंडर नळीत घुसला तर ती नळी भंगारात.

नवी आधाररिंग ६ मिमी जाड माइल्ड स्टीलची. जागा ठरवण्याआधी चाक लावून टायरचा वरचा काठ स्ट्रटवर खडूने आखा. बैठक आणि टायरमध्ये किमान ८ मिमी हवेत. वेल्डिंग २० मिमीचे चार टाके, समोरासमोर आळीपाळीने, मध्ये थंड होऊ देत. नळी पातळ असते. एकदम गोल फिरवलं की ती आत ओढली जाते आणि इन्सर्ट अडकतो. वेल्डरचा हात पक्का नसेल तर हे काम त्याला देऊच नका. नंतर डाय पेनेट्रंट मारून तडे बघा.

जोडणी

गाडी घोडीवर (जॅक स्टँडवर) घ्या, नुसत्या जॅकवर नाही. मूळ स्प्रिंग सोडवायला तिच्या दोन्ही बाजूंना स्प्रिंग कॉम्प्रेसर (स्प्रिंग दाबून धरणारे शिकंजे) हवेतच. नकल तारेने बांधा, ब्रेक होजवर लटकू देऊ नका. आधी स्प्रिंग न घालता स्ट्रट बसवा. दांड्यावर केबल टाय आवळा, खालचा आर्म जॅकने पूर्ण वर न्या, स्टिअरिंग दोन्ही टोकांना फिरवा. टायर कुठे घासतो, होज कुठे ताणतो ते इथेच कळतं. टाय जिथे सरकून थांबला तो तुमचा खरा बम्प. त्यावरून स्टॉपची लांबी ठरवा.

मग आट्यांना कॉपर अँटी-सीझ लावून खालून वर: लॉक रिंग, बैठक, हेल्पर, चकती, मुख्य स्प्रिंग, थ्रस्ट बेअरिंग, टोपी, टॉप माउंट. दांडा एलन कीने धरून नट पान्याने आवळा. इम्पॅक्ट गनने दांडा गरागरा फिरतो आणि सील जातं. टॉर्क गाडीच्या मॅन्युअलमधला. नव्या इन्सर्टच्या दांड्याच्या नटाचा आणि तळाच्या बोल्टचा मात्र इन्सर्टसोबतच्या पत्रकातला.

मूळ स्प्रिंग स्ट्रटच्या रेषेत नसते. दांड्यावरचा बाजूचा दाब कमी व्हावा म्हणून ती मुद्दाम तिरपी बसवलेली असते. सरळ कॉइलओव्हरमध्ये तो फायदा जातो, त्यामुळे बुश आणि सील लवकर झिजतात.

मागे काय

टॉर्शन बीमवर स्प्रिंग आणि डॅम्पर वेगवेगळे असतात. डॅम्परवरच स्प्रिंग चढवायचा मोह होतो, पण त्याचं वरचं माउंट गाडीचं वजन पेलायला बनवलेलंच नाही, पत्रा फाटतो. मागे मूळ जागीच स्प्रिंग ठेवा आणि तिच्याखाली आट्यांची बैठक घाला.

सेटिंग

गाडी उतरवून दहा मीटर पुढे-मागे ढकला, मगच मोजा, आणि चाकाच्या मध्यापासून फेंडरच्या काठापर्यंत मोजा. जमिनीपासूनचं माप टायरच्या हवेबरोबर बदलतं. आर्मच्या बुशचे बोल्ट गाडी स्वतःच्या वजनावर असताना आवळा, नाहीतर रबर पिळलेलं राहून फाटतं. बॉल जॉइंट आर्मच्या आतल्या टोकापेक्षा वर गेला असेल तर गाडी फार खाली आली: रोल सेंटर (वळणात बॉडी ज्या बिंदूभोवती कलते तो) कोसळतं, खड्ड्यात टो (वरून बघता चाकांचा आत-बाहेर कल) बदलत राहतो. उंची पक्की झाल्यावरच अलाइनमेंट करा, शेवटी हेडलाइट.

वळताना स्प्रिंग टणकन उडाल्यासारखी वाजली तर थ्रस्ट बेअरिंग राहिलंय किंवा उलटं बसलंय. सरळ रस्त्यावर टकटक येत असेल तर लॉक रिंग किंवा लिंक रॉड. पहिल्या १०० किलोमीटरनंतर सगळे बोल्ट पुन्हा टॉर्कला घ्या. पावसाळ्यात आट्यांत चिखल बसतो, कोकणात मीठही. ब्रशने धुऊन पुन्हा अँटी-सीझ लावा, नाहीतर रिंग अशी चिकटते की सोडवताना आटेच मरतात.