स्टाउट चाखताय? या चुका टाळा

डूलाली या जागीच बिअर बनवणाऱ्या पबने 2009 मध्ये पुण्यात ताजी बिअर पाजायला सुरुवात केली, पुढे मुंढव्यात इंडिपेंडन्स ही तशीच ब्रुअरी आली. इतकी वर्षं झाली, तरी जेवणाच्या टेबलावर स्टाउट, म्हणजे काळी बिअर, आली की लोक अजूनही त्याच चुका करतात, आणि ग्लास अर्धा ठेवून ‘कडू आहे’ म्हणत उठतात. मला याचं खरंच वाईट वाटतं.

सगळ्यात मोठी चूक म्हणजे ती गारेगार मागणं. लागर, म्हणजे नेहमीची फिकट बिअर, थंड प्यायची सवय आपण इथेही आणतो. स्टाउट आणि तिच्यासारख्याच काळपट पोर्टरची चव येते भाजलेल्या बार्लीतून आणि माल्टमधून, म्हणजे मोड आणून वाळवलेल्या धान्यातून, आणि तो वास थंडीत उठतच नाही. जीभ बधिर होते, कडवटपणा तेवढा उरतो. साधारण 8 ते 12 अंशांवर ही बिअर बोलायला लागते.

गेल्या पावसाळ्यात मावसभाऊ नगरहून आला होता. त्याला मुद्दाम चांगली स्टाउट पाजायला घेऊन गेलो. वेटरने फ्रीजरमधला मग आणला, बाहेरून पांढरा पडलेला. बिअर ओतताच फेस भसाभस वर आला, बर्फाचा थर वितळून आत मिसळला. भावाने दोन मोठे घोट घेतले आणि म्हणाला, “दादा, ही तर जळकी लागते.” मी साधा ग्लास मागवला, उरलेली त्यात ओतली आणि बाजूला ठेवायला लावली. आम्ही मटण सुकं आणि भाकरी खात बसलो. वीसेक मिनिटांनी त्याने ग्लास नाकाशी नेला आणि थांबला. “आई वाटणासाठी खोबरं भाजते ना, तसा वास येतोय.” मग कॉफीही सापडली त्याला. उरलेला अर्धा ग्लास त्याने तासभर पुरवला.

तेव्हापासून ऑर्डर देतानाच सांगतो : मग नको, साधा कोरडा ग्लास द्या. आल्यावर दहा मिनिटं हात लावत नाही. ज्यांना एवढा दम निघत नाही त्यांनी लागर घ्यावी, तीही चांगली असते.

दुसरी चूक स्टार्टरची. मसाला पापड, चिली चिकन, वर लिंबू, आणि मग स्टाउट. मिरचीने पोळलेल्या जिभेवर बिअरचा बुडबुडा आणि कडूपणा दोन्ही टोचतात, आग वाढते. याचा अर्थ मराठी जेवण चालत नाही असा नाही, उलट आहे. मिरची बेताची ठेवलेला काळ्या मसाल्याचा रस्सा, खरपूस कांदा-खोबऱ्याचं वाटण, तव्यावर डाग पडलेली भाकरी : भाजल्याची चव दोन्हीकडे असते, म्हणून जुळतं. ‘स्टाउटबरोबर फक्त ब्राउनी’ असं सांगणाऱ्यांनी एकदा सुकं मटण घेऊन बघावं. माझी पद्धत अशी : आधी दोन घोट रिकाम्या तोंडी, मग घास, मग पाणी, मग पुन्हा घोट.

काळी म्हणजे कडक, हाही गैरसमज आहे. रंग भाजण्यातून येतो, अल्कोहोलमधून नाही. आयरिश पद्धतीची ड्राय स्टाउट बहुतेकदा 4 ते 5 टक्क्यांची असते. इम्पिरियल स्टाउट हा कडक प्रकार मात्र 8 टक्क्यांच्या पुढेही जाते, तेव्हा मेनूवरचा आकडा वाचा आणि छोटा ग्लास घ्या.

फेस चमच्याने काढू नका, वास त्यातूनच येतो.

चार प्रकार चाखायचे असतील तर फिकटीपासून सुरुवात करा, काळी शेवटी. आधी स्टाउट प्यायल्यावर गव्हाची बिअर पाण्यासारखी लागते.

पूर्ण ग्लास मागवण्याआधी घोटभर चाखायला मागा. बऱ्याच ठिकाणी आनंदाने देतात, लाजायचं काही कारण नाही.

आणि गाडी घरी ठेवा, रिक्षाने या. परत निघायची घाई नसेल तरच ग्लास टेबलावर दहा मिनिटं शांत उभा राहतो.