कंदीलपुष्पाची कुंडी वर्षभर कशी सांभाळावी

कंदीलपुष्प, म्हणजेच खरपुडी (शास्त्रीय नाव सेरोपेजिया), ही सह्याद्रीच्या कड्यांवर आणि गवताळ उतारांवर उगवणारी कंदवर्गीय वनस्पती असून कोल्हापूरच्या शिवाजी विद्यापीठाच्या वनस्पती उद्यानात तिच्या अनेक जाती जतन केल्या गेल्या आहेत. तिची पालवी पावसाळ्यापुरतीच असते आणि उरलेले बरेच महिने मातीवर काहीच दिसत नाही. त्यामुळे उद्यानात ही झाडे दगावतात ती बहुधा हिवाळ्यात, रिकाम्या वाटणाऱ्या कुंडीत कोणी तरी सवयीने ओतलेल्या पाण्यामुळे.

मेच्या अखेरीस कंद काढून तपासावेत. मऊ पडलेला भाग स्वच्छ चाकूने कापून त्यावर कोळशाची पूड लावावी व जखम सुकू द्यावी. बारीक मुरूम, जाड वाळू आणि कुजलेला पालापाचोळा यांच्या मिश्रणाने मातीची कुंडी भरून कंद दोन बोटे खोल ठेवावा; शेणखत भरपूर घालण्याचा मोह मात्र टाळावा. जातीचे नाव, मूळ ठिकाण आणि वर्ष लिहिलेली एक पट्टी मातीच्या आतही पुरावी, कारण बाहेरची पट्टी उंदीर आणि माळी दोघेही हलवतात.

मृगाच्या सरींबरोबर कोंब येतात. वेलींना तेव्हाच बारीक काठी द्यावी. सेरोपेजिया लॉईसारख्या ताठ वाढणाऱ्या जातींना ती लागत नाही. आषाढातील संततधारेत कुंड्या पारदर्शक छपराखाली हलवाव्यात, पण बाजू मोकळ्या ठेवाव्यात. फुलाच्या नळीतील खाली वळलेल्या केसांमुळे चिमुकल्या माश्या आत अडकतात आणि केस कोमेजल्यावर पराग घेऊन सुटतात. कीटकरोधक जाळीत कोंडलेल्या झाडावर या माश्या पोहोचतच नाहीत, त्यामुळे शेंगा धरत नाहीत. रुईवर येणारा पिवळा मावा येथेही येतो. तो पाण्याच्या फवाऱ्याने किंवा बोटांनी काढावा आणि बहराच्या काळात औषध फवारू नये.

शेंगा जोडीने येतात व वाळल्यावर उकलतात. बियांना रेशमी केसांचा झुपका असल्याने त्या वाऱ्याबरोबर उडून जातात, म्हणून शेंगा पिवळसर होताच त्यांना मलमलीची पिशवी बांधावी.

पाने पिवळी पडू लागली की पाणी हळूहळू कमी करावे आणि खोड वाळल्यावर ते पूर्ण थांबवावे. कुंड्या सावलीत, कोरड्या मांडणीवर आडव्या ठेवून त्यांवर तारेची जाळी घालावी, कारण हे कंद उंदरांना फार आवडतात. फेब्रुवारीपासून मेपर्यंत खरा धोका अवकाळी पावसाचा असतो: एका सरीने कंद फसून कोंब काढतो आणि पुढच्या उन्हात तो कोंब जळतो. असे घडलेच, तर कुंडी उभी करून मृगापर्यंत अगदी थोडे पाणी देत कोंब जगवावा.