एका ओळीचं पर्ल: सुरुवात करणाऱ्यांसाठी

पहिल्या नोकरीत माझ्याकडे वेब सर्व्हरचे लॉग, म्हणजे साइटवर आलेल्या प्रत्येक विनंतीची नोंद असलेल्या फाइली, बघायचं काम होतं. रोज सकाळी फाइल एक्सेलमध्ये घ्यायची, रकाना निवडायचा, बेरीज करायची. एक्सेलच्या शीटमध्ये १०,४८,५७६ ओळींच्या वर काही मावत नाही, म्हणून सणासुदीच्या दिवसांत फाइलचे तुकडे पाडायला लागायचे. एकदा टीममधल्या एका ताईंनी टर्मिनलवर (आज्ञा टाइप करायच्या खिडकीत) एकच ओळ टाकली आणि एंटर दाबताच बेरीज समोर आली. ती ओळ मी वहीत उतरवून घेतली, पण तिचा अर्थ लागायला दोन आठवडे गेले. तुमचे ते दोन आठवडे वाचावेत म्हणून हे लिहितेय.

ती ओळ पर्लची होती. लॅरी वॉल यांनी १९८७ मध्ये ही भाषा आणली तीच मुळी मजकूर चाळून अहवाल काढण्यासाठी, त्यामुळे या कामात तिचा हात बसलेला आहे. 'पर्ल'पुढे डॅश आणि 'ई' लिहिलं की पुढच्या अवतरणचिन्हांतला मजकूर हाच प्रोग्रॅम. 'एन' जोडलं की फाइलची प्रत्येक ओळ वाचणारं लूप (तेच काम पुन्हा पुन्हा करणारा कोड) पर्ल स्वतः घालतं. 'पी'ही तेच करतं, शिवाय प्रत्येक ओळ छापतं. 'ए'मुळे ओळीचे मोकळ्या जागेवर तुकडे पडून 'एफ' नावाच्या अॅरेत, म्हणजे क्रमांक लावलेल्या यादीत, जातात. मोजणी शून्यापासून, म्हणून अपाची या वेब सर्व्हरच्या नेहमीच्या लॉगमध्ये स्टेटस कोड (विनंतीचं काय झालं ते सांगणारा आकडा) आठव्या क्रमांकावर आणि बाइट्स नवव्यावर सापडतात. बेरीज छापायची ती 'एंड' ब्लॉकमध्ये, सगळ्या ओळी संपल्यावर.

हे पाठ करत बसू नका. 'डीपार्स' नावाचं मॉड्यूल (तयार कोडचा संच) पर्लसोबतच येतं. तुमच्या ओळीत डॅश, कॅपिटल 'एम', कॅपिटल 'ओ', बरोबरचं चिन्ह आणि 'डीपार्स' एवढं घातलं, की पर्ल ती ओळ चालवत नाही, उलगडून दाखवतं. आत दडलेलं व्हाइल लूप डोळ्यांना दिसतं. मला खरं पर्ल या मॉड्यूलनेच शिकवलं. कॅपिटल 'एम'नेच बाकीची मॉड्यूल्सही ओळीत घेता येतात. सर्वांत मोठा आकडा हवा असेल तर 'लिस्ट युटिल'मधलं 'मॅक्स' घ्या, स्वतः लिहू नका.

आता जपायची जागा. 'आय' हा स्विच, म्हणजे वरच्या 'एन', 'पी'सारखाच डॅशचा पर्याय, फाइल जागच्या जागी बदलतो. मी एकदा त्याच्यासोबत 'पी'ऐवजी 'एन' दिलं. छापायला कोणी सांगितलंच नव्हतं, त्यामुळे कॉन्फिगची फाइल शून्य बाइटची झाली. बॅकअप होता म्हणून निभावलं, पण त्या दिवशी हात थरथरत होते. तेव्हापासून 'आय'ला चिकटून 'डॉट बॅक' लिहिते, म्हणजे जुनी प्रत शेजारी राहते. शिवाय ओळ आधी 'आय'शिवाय चालवून स्क्रीनवर निकाल बघते. लिनक्सवर प्रोग्रॅम एकेरी अवतरणांतच ठेवा. दुहेरी अवतरणांत डॉलरची चिन्हं शेलच (टर्मिनलमधल्या आज्ञा वाचणारा प्रोग्रॅम) गिळून टाकतं आणि चूक कुठे आहे ते कळतच नाही.

मराठी मजकुरावर काम करणार असाल तर आणखी एक. यूटीएफ-८ या मजकूर साठवण्याच्या पद्धतीत देवनागरीचं प्रत्येक चिन्ह ३ बाइट्स घेतं. फाइलमधून वाचलेल्या 'पुणे' या शब्दाची लांबी विचारली तर पर्ल १२ सांगतं, कारण ते बाइट्स मोजत असतं. कॅपिटल 'सी', 'एस', 'डी' हे स्विच दिले की उत्तर ४ येतं, म्हणजे प, उकार, ण आणि मात्रा. आपल्या डोळ्यांना दिसणारी २ अक्षरं हवी असतील तर रेगेक्समध्ये (मजकुरातले नमुने शोधायच्या सूत्रात) बॅकस्लॅश आणि कॅपिटल 'एक्स' वापरा.

पायथन या दुसऱ्या भाषेतही मराठी मजकुराचा असाच अनुभव येईल. तिथे डॅश, लहान 'एम' आणि 'जेसन डॉट टूल' दिलं की जेसन (माहितीची देवाणघेवाण करायचा मजकुराचा एक साचा) नीट मांडून मिळतं, पण मराठी शब्दांच्या जागी 'यू०९२ए'सारखे आकडे उमटतात. पायथन ३.९ पासून त्यावर 'नो एन्शुअर आस्की' हा पर्याय आहे. तो दिला की 'पुणे' पुन्हा 'पुणे' दिसतं.