सायकियाट्रीची पोस्टिंग: केस घेताना या चुका टाळा

"आवाज ऐकू येतात का?"

"येतात की. तुमचाच येतोय."

एमबीबीएसची नवी बॅच मानसोपचाराच्या वॉर्डात आली की हा संवाद पहिल्या दोन दिवसांत एकदा तरी घडतोच. पेशंटचं उत्तर अगदी बरोबर असतं, चुकलेला असतो तो प्रश्न. इंग्रजी पुस्तकातलं वाक्य मनातल्या मनात मराठीत फिरवून विचारलेलं असतं. आणि पोरगं वहीत लिहून मोकळं: भास आहेत.

विचारायचं असं: "आजूबाजूला कोणी नसताना कोणी हाक मारतंय, बोलतंय, असं कानावर येतं का?" हो म्हणाले तर पुढे जा. आवाज ओळखीचा आहे का? तुमच्याशी बोलतात, की आपसात तुमच्याबद्दल? काही करायला सांगतात का? हा शेवटचा प्रश्न सुटता कामा नये. "विहिरीत उडी टाक म्हणतात" असं उत्तर आलं तर केस तिथेच थांबवा, पेशंटला एकटं सोडू नका आणि रेसिडेंट डॉक्टरला बोलावून घ्या.

औषधांची नावं मुलं पाठ करून येतात, तिथे फारशी अडचण येत नाही. अडतं ते बोलण्यात.

मागे एका विद्यार्थिनीनं केस मांडली: साठीच्या बाई, वेळेचं भान नाही. मी खाटेपाशी गेले. तारीख विचारली, बाई गप्प. वार? "बुधवार. आज आमच्याकडं बाजार असतो." महिना? "भादवा. गणपती बसले, आता गौरी येतील, अन् मी इथं पडलेय." वॉर्डात इतकं भान दुसऱ्या कोणाला होतं कोण जाणे! ज्यांचं सगळं आयुष्य तिथी आणि बाजाराच्या वारावर चालतं, त्यांना सकाळ की दुपार, वार कुठला, सण कुठला गेला, हे विचारा.

शंभरातून सात वजा करण्याचंही तेच. शाळेचं तोंड न पाहिलेल्या माणसाला ते जमलं नाही, तर त्यावरून लक्ष लागत नाही असं ठरत नाही. आठवड्याचे वार उलटे म्हणायला सांगा, किंवा वीसपासून उलटे आकडे. म्हणीचा अर्थ विचारायचा तर 'नाचता येईना अंगण वाकडं' विचारा, इंग्रजी म्हणीतल्या गडगडणाऱ्या दगडाला शेवाळ चिकटवू नका. पण म्हणीचा अर्थ पुष्कळांना नुसता पाठ असतो, म्हणून आंबा आणि केळं यांत सारखं काय, तेही विचारा. "दोन्ही पिवळी" आणि "दोन्ही फळं" या उत्तरांतला फरक वहीत जसाच्या तसा उतरवा.

अंगात येणं ऐकलं की लगेच सायकोसिस (वास्तवाचं भान सुटणं) लिहू नका. नवरात्रात, आरतीच्या वेळी, चार बायकांमध्ये अंगात आलं आणि तासाभरानं बाई भाकऱ्या थापायला बसली, तर गावाच्या लेखी त्यात वावगं काही नाही. तीच बाई महिनाभर झोपत नाही, स्वतःशी पुटपुटते, आणि घरचेच म्हणतात "हे देवीचं नव्हे", तर घरच्यांचं ऐका.

सगळ्यात महागात पडणारी चूक मात्र सायकियाट्रीच्या वॉर्डात होतच नाही, ती होते ऑर्थोमध्ये, म्हणजे हाडांच्या वॉर्डात. मांडीचं हाड मोडून आलेला पन्नाशीचा माणूस. दोन दिवस शहाण्यासारखा पडून होता. तिसऱ्या रात्री सलाइन उपटलं, चादरीवरचे किडे वेचायला लागला, सिस्टरना मेहुणी समजून हाका मारायला लागला. आम्हाला बोलावणाऱ्या कॉलच्या चिठ्ठीवर लिहून आलं: सायकोसिस, ट्रान्स्फर करावे. आम्ही पोचलो तेव्हा हात थरथरत होते, कपडे घामानं भिजलेले, नाडी १२० च्या वर. शेवटची दारू कधी घेतली, हे भरतीच्या कागदावर कुठेच नव्हतं. बायकोला विचारलेलं होतं म्हणे, ती म्हणाली, "कधीमधी घेतात."

या 'कधीमधी'वर कधीच थांबायचं नाही. दिवसाला किती क्वार्टर? सकाळी उठल्या उठल्या लागते का? शेवटची कधी? क्वार्टर म्हणजे १८० मिली, बाकी हिशेब तुम्ही करा. भरती झाल्यामुळे दारू एकदम तुटते आणि दुसऱ्या ते चौथ्या दिवसात हा प्रकार उभा राहतो. त्याला डेलिरियम ट्रेमेन्स म्हणतात, आणि उपचार वेळेवर नाही झाले तर माणूस जातो. लोराझेपाम किंवा डायझेपाम लागतं, आणि ग्लुकोज लावायच्या आधी थायमिन, म्हणजे बी-१ जीवनसत्त्व. नुसतं हॅलोपेरिडॉल (सायकोसिसचं औषध) टोचून गप्प केलं, तर रात्र शांत जाईल, पण पेशंट हातचा जाऊ शकतो.

दारू नसली तरी खूणगाठ तीच: अचानक सुरू झालं, दिवसा बरं, रात्री जास्त, ऐकू येण्यापेक्षा दिसतंच जास्त, आणि वार उलटे सांगता येत नाहीत. आधी शरीर बघा. शुगर, सोडियम, ताप, ऑक्सिजन, लघवी तुंबली आहे का, कालपासून कुठलं नवं औषध सुरू झालं.

आणखी एक चूक होते. हॅलोपेरिडॉल सुरू केलेल्या तरुण पोराची मान एका बाजूला वळते, डोळे वर जातात, जीभ आखडते, आणि कोणीतरी म्हणतं, "नाटक करतोय." ते नाटक नसतं, डिस्टोनिया असतो, म्हणजे औषधामुळे स्नायू आखडतात. प्रोमेथाझिनचं इंजेक्शन दिलं की बऱ्याचदा थोड्याच वेळात मान सरळ होते.

आता आत्महत्येचा प्रश्न. विचारलं तर मनात भरेल, या भीतीनं मुलं तो गाळतात. विचारल्यानं तो विचार मनात येत नाही, उलट आधीच असलेला बाहेर येतो. पायरीपायरीनं जा: जगणं नकोसं वाटतं का? जीव द्यावा असं मनात येतं का? कसं, ते ठरवलंय का? नातेवाइकांना आधी बाहेर बसवा, सासूसमोर कोणी खरं सांगत नाही. केस पोलिसांची होईल या धास्तीनं पेशंट गप्प बसतात, तेव्हा मानसिक आरोग्यसेवा कायदा, २०१७ मधलं कलम ११५ माहीत असू द्या: प्रयत्न केलेली व्यक्ती प्रचंड ताणाखाली होती असंच, उलट सिद्ध होईपर्यंत, कायदा धरून चालतो, म्हणून तिला शिक्षा होत नाही.

आणि शेतकरी घरातला पेशंट असेल तर आणखी एक प्रश्न, जो मी तरी कुठल्या पुस्तकात वाचला नव्हता: "फवारणीचं औषध घरात कुठे ठेवता?" एक बाई म्हणाली, "चुलीमागच्या फळीवर." तिला सांगून तिच्या भावाला फोन लावला, डबा शेजारी हलवायला लावला, आणि मग केस लिहायला बसलो.